पाळण्यातले पाय आणि बर्फावरची क्रमवारी

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण शब्दशः खरी असती तर कॅनडातील कितीतरी माणसांना उपजीविकेचे दुसरे साधन शोधावे लागले असते. हिवाळाभर गावोगावच्या थंडगार क्रीडागृहांत वही आणि कॉफीचा पेला घेऊन बसावयाचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या पायांतील पोलादी पात्यांचे बूट बर्फावर कसे फिरतात ते न्याहाळावयाचे. आणि हा मुलगा पंचविसाव्या वर्षी कोठे असेल याचे भाकीत लिहून आपल्या संघाकडे धाडावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. त्यांना तिकडे ‘स्काऊट’ म्हणतात. आपल्याकडील बालवीरांशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणून आपण त्यांना पारखी म्हणू. त्यांच्या वह्यांतून आणि त्यांच्याशी बोलून लिहिणाऱ्या वार्ताहरांच्या लेखणीतून दरवर्षी ज्या याद्या बाहेर पडतात, अमुक संघाचे होतकरू खेळाडू, क्रमांक एक ते वीस, त्या याद्यांविषयी या वेळी वाचकांशी बोलावे असे मनात आहे.

आपल्या परिचयाच्या हॉकीशी आईस हॉकीचे नाते नावापुरते आणि काठीपुरते. चेंडूच्या जागी येथे कठीण रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. तिला ‘पक’ म्हणतात. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तिघे आघाडीचे. दमछाक एवढी की पाऊण मिनिटात खेळाडू बाहेर येतो आणि खेळ न थांबता दुसरा त्याच्या जागी उडी घेतो. गोल करणाऱ्यास एक गुण मिळतो आणि त्यास पक पुरविणाऱ्या एक वा दोन साथीदारांनाही एकेक गुण मिळतो. पुढे ‘गुण’ हा शब्द येईल तो या अर्थाने. आपल्या देशात लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ हिवाळ्यात रंगतो. २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या महिला आशिया चषकात भारतीय मुलींनी कांस्यपदकही मिळविले. तथापि ज्या क्रमवारीची गोष्ट आज सांगावयाची आहे ती व्यावसायिक खेळातील असल्यामुळे आपल्याला उत्तर अमेरिकेतच गेले पाहिजे.

तेथील या खेळाचे शिखर म्हणजे नॅशनल हॉकी लीग. १९१७ साली माँट्रियल येथे तिची स्थापना झाली आणि आज तिच्यात ३२ संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली एक तालीमसंघ असतो व तो अमेरिकन हॉकी लीग या दुय्यम स्पर्धेत खेळतो. त्याच्याही पलीकडे कॅनडातील तीन मोठ्या कुमार लीग, अमेरिकेतील विद्यापीठे, आणि स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया या देशांतील क्लब. ज्यांचे हक्क एखाद्या संघाने मिळविलेले आहेत, परंतु जी अद्याप मुख्य संघात स्थिरावलेली नाहीत, अशी मुले या सर्व ठिकाणी विखुरलेली असतात. मोठ्या एकत्र कुटुंबातील नातवंडे कोणी पुण्यास, कोणी बडोद्यास, कोणी मामाकडे शिकावयास असावीत, आणि दिवाळीत सारी घरी जमली म्हणजे आजोबांनी त्यांना ओळीने उभे करून कोणात किती पाणी आहे ते सांगावे, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की आजोबांचे मत ओसरीवरच राहते. हे मत छापून येते.

आता ही मुले संघांच्या पदरी पडतात कशी? पूर्वीची रीत आज ऐकली तर थोडी कठोर वाटेल. १९६० च्या दशकापर्यंत मोठे संघ कुमार संघांना पोसत आणि चौदा वर्षांच्या सुमाराच्या मुलाची एका छापील अर्जावर सही घेत. त्या अर्जास ‘सी फॉर्म’ म्हणत. सही झाली की मुलगा त्या संघाला बांधला गेला. बॉबी ऑर या नावाशिवाय आईस हॉकीचा इतिहास लिहिता येत नाही. त्याची गोष्ट याच काळातली. १९६१ च्या वसंतात बोस्टनचे अधिकारी गॅनानोक नावाच्या लहान गावी भलत्याच दोन मुलांना पाहावयास गेले होते. त्या सामन्यात पॅरी साउंड गावाकडून जेमतेम तेरा वर्षांचा एक किडकिडीत पोर खेळत होता, आणि पक बहुतेक वेळ त्याच्याच काठीवर होता. ज्यांना पाहावयास गेले होते ते बाजूला राहिले. पुढील वर्षी, म्हणजे चौदाव्या वर्षी, ऑरने बोस्टनच्या अर्जावर सही केली. त्या सौद्यात त्याच्या आईवडिलांच्या घराला बाहेरून नवा गिलावा करून देण्याचेही ठरले होते. बचावपटूने मागे राहून घर सांभाळावे ही समजूत ऑरने मोडीत काढली आणि बचावपटू असूनही साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळविण्याचा मान दोनदा पटकावला. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. पण मुद्दा वेगळा आहे. गिलाव्याच्या बदल्यात चौदाव्या वर्षी मुलाचे भवितव्य लिहून घेणे हे ऑरच्या बाबतीत फळास आले म्हणून ते गोड वाटते. अशाच सह्या केलेल्या ज्या शेकडो मुलांची नावे आज कोणास आठवत नाहीत, त्यांचा गिलावा कोणी मोजला?

१९६३ साली माँट्रियलच्या एका हॉटेलात पहिल्यांदा नवोदितांची सामाईक निवड झाली. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्या दिवशी केवळ २१ मुलांची नावे पुकारली गेली. आज सात फेऱ्या होतात, २२४ नावे पुकारली जातात आणि सभागृह पालकांनी, भावंडांनी, आजी-आजोबांनी भरून जाते. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना आधी निवडीची संधी मिळते, वरच्या काही जागांसाठी सोडतही निघते. १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा वर्षे पूर्ण होतात तो त्या वर्षीच्या निवडीस पात्र ठरतो. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

अशा याद्यांचा अभ्यास करावयाचा तर व्हँकुव्हरचा संघ सोयीचा आहे. पॅसिफिक महासागराच्या काठचा हा संघ १९७० साली लीगमध्ये आला. १९८२, १९९४ आणि २०११ अशा तीन वेळा तो अंतिम फेरीत पोहोचला व तिन्ही वेळा हरला. ज्या घरात अजून सण झालेला नाही तेथे येणाऱ्या सणाची चर्चा अधिक चालावी हे स्वाभाविकच होय. व्हँकुव्हरच्या चाहत्यांइतके पुढच्या पिढीकडे डोळे लावून बसणारे लोक थोडे असतील.

त्यांना त्याचे फळ मिळालेही आहे. १९९९ साली स्वीडनमधील हेन्रिक आणि डॅनिएल सेदीन हे जुळे भाऊ निवडीस आले. दोघांना एकत्र खेळावयाचे होते. व्हँकुव्हरचे व्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी अदलाबदलीचे बरेच सव्यापसव्य करून दुसरा आणि तिसरा असे लागोपाठचे दोन क्रमांक मिळविले व दोघांनाही घरी आणले. पहिल्या क्रमांकावर अटलांटाने पॅट्रिक स्टेफान या तरुणास घेतले होते. त्याची कारकीर्द दुखापतींत लवकरच आटोपली. सेदीन बंधूंची पहिली काही वर्षे मात्र सामान्य गेली. ते संथ आहेत, मऊ आहेत, अशी टीका झाली. २०१० मध्ये हेन्रिक आणि २०११ मध्ये डॅनिएल लीगमधील सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला, तेव्हा दोघांनी तिशी गाठली होती. निवडीनंतर तिसऱ्या वर्षी कोणी यादी केली असती तर या दोघांना तिने कोठे बसविले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

त्याआधीची पाव्हेल ब्यूरेची कथा तर न्यायालयातील खटल्यासारखी आहे. हा रशियन मुलगा विलक्षण आहे हे सर्व पारख्यांना ठाऊक होते. त्याबद्दल मतभेद नव्हताच. १९८९ च्या निवडीत अठरा वर्षांच्या खेळाडूस पहिल्या तीन फेऱ्यांनंतर घेता येत नसे; त्याने आपल्या देशातील वरच्या पातळीवर दोन हंगामांत प्रत्येकी निदान अकरा सामने खेळलेले असले तर मात्र नियमास अपवाद होता. ब्यूरेचे सामने अकरास पोहोचत नाहीत असे सर्वांनी गृहीत धरले. व्हँकुव्हरच्या पारख्यांनी सामन्यांचे कागद बारकाईने पाहिले होते. त्यांनी सहाव्या फेरीत, ११३ व्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले आणि सभागृहात एकच गलका झाला. १९९० च्या मेमध्ये लीगच्या अध्यक्षांनी ती निवड रद्द ठरविली. पुढच्या निवडीच्या तोंडावर व्हँकुव्हरने पुरावे सादर केले आणि निर्णय फिरला. दोन वर्षांनी ब्यूरे सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि लागोपाठ दोन हंगामांत त्याने साठ-साठ गोल केले. पारखीपेक्षा येथे दप्तर नीट ठेवण्याचा गुण कामास आला, असे म्हटले तर चालेल.

परंतु यादी करावयाची कशी, हे अद्याप सांगितलेच नाही.

प्रथम प्रश्न येतो की होतकरू म्हणावे कोणास? याला एकच उत्तर नाही. काही जण वयाची अट घालतात, काही जण खेळलेल्या सामन्यांची. लीगचे सर्वोत्कृष्ट नवोदिताचे जे पारितोषिक आहे, कॅल्डर करंडक, त्याचे नियम अनेकांना आधारास बरे पडतात. त्यात वयाची सव्विसाची मर्यादा आहे. तीही उगाच आली नाही. १९९० साली सर्गेई मकारोव्ह हा सोव्हिएत संघाचा मुरलेला खेळाडू एकतिसाव्या वर्षी ‘नवोदित’ म्हणून ते पारितोषिक घेऊन गेला, तेव्हा नियम बदलावा लागला.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. कुमार लीगमध्ये शंभर गुण मिळविणारा मुलगा आणि स्वीडनच्या प्रौढांच्या लीगमध्ये पंचवीस गुण मिळविणारा त्याच वयाचा मुलगा, यांत सरस कोण? पहिला आपल्याच वयाच्या पोरांत खेळतो, दुसरा दाढीमिशीच्या माणसांत. म्हणून आकडेशास्त्राचे जाणकार प्रत्येक लीगला एक भार देतात. एका लीगमधून वरच्या लीगमध्ये गेलेल्या असंख्य खेळाडूंच्या नोंदी तपासून, अमुक ठिकाणचा एक गुण तमुक ठिकाणी किती पडतो ते काढतात. रुपयाचा डॉलरशी भाव काढावा तसे. हा हिशेब उपयोगी आहे, परंतु बचावपटूंच्या बाबतीत तो लंगडा पडतो आणि गोलरक्षकांच्या बाबतीत तर निरुपयोगीच ठरतो.

म्हणून डोळ्यांची पारख आलीच. पारखी प्रथम पाहतात ते पाय : पहिल्या तीन पावलांत वेग घेता येतो का, वळताना तो टिकतो का. मग हात. मग ती गोष्ट, जिला नेमके नाव देणे कठीण, पण जी जाणकाराच्या लगेच लक्षात येते : पक कोठे आहे हे सर्वच पाहतात, तो दोन क्षणांनी कोठे असेल हे किती जणांना दिसते? आणि शेवटी चिवटपणा, म्हणजे कुंपणाच्या कोपऱ्यात दोन धिप्पाड गडी अंगावर आले असता मुलगा तेथे राहतो की निघून जातो. उंचीचा मोह मात्र पारख्यांना अद्याप पुरता सुटलेला नाही. क्विन ह्यूज हा ठेंगणा बचावपटू २०१८ साली सातव्या क्रमांकापर्यंत खाली येऊ शकला आणि व्हँकुव्हरच्या हाती लागला, त्यात त्याच्या उंचीचा वाटा होता. २०२४ मध्ये तो लीगमधील सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला; २०२५ च्या डिसेंबरात व्हँकुव्हरने त्याला मिनेसोटाकडे पाठविले.

मोजमापांच्या अतिरेकाचे उदाहरण पाहावयाचे असेल तर सॅम बेनेटचे पाहावे. २०१४ साली लीगच्या मध्यवर्ती पारख विभागाने उत्तर अमेरिकेतील खेळाडूंत त्याला पहिला क्रमांक दिला होता. निवडीपूर्वीच्या शारीरिक चाचणीत सतरा वर्षांच्या बेनेटला आडव्या दांडीला लोंबकळून स्वतःस एकदाही वर ओढता आले नाही. त्या एका गोष्टीची केवढी चर्चा झाली! कॅलगरीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला तेव्हा त्या अंतिम टप्प्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पारितोषिक त्याच बेनेटला मिळाले. दांडीवर किती वेळा चढता येते हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

आणि तिसरा प्रश्न, जो सर्वांत अवघड असून बहुतेक याद्या त्यास बगल देतात. क्रमांक देताना आपण मुलाची उंच उडी मोजतो की त्याचा पाया? एक मुलगा मोठा तारा होण्याची शक्यता दहात दोन, आणि काहीच न होण्याची दहात पाच. दुसरा तारा कधीच होणार नाही, परंतु दहा वर्षे निमूटपणे संघाचे काम करील हे जवळजवळ निश्चित. यांत वर कोणाला लिहावे? संघ गरीब असेल तर एक उत्तर, भरभराटीत असेल तर दुसरे. प्रस्तुत लेखकास तर क्रमांकांपेक्षा पायऱ्यांची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते : पहिल्या पायरीवर दोघे, दुसरीवर पाच, तिसरीवर उरलेले. सहावा आणि सातवा यांत जो फरक कोणालाच दिसत नाही तो कागदावर दाखवून उगाच दोन घरांत वितुष्ट का आणावे? परंतु क्रमांकांशिवाय मासिके खपत नाहीत, हेही खरे. १९४७ साली माँट्रियल येथे सुरू झालेले ‘द हॉकी न्यूज’ हे नियतकालिक अनेक वर्षे प्रत्येक संघाच्या होतकरूंचा क्रम लावून खास अंक काढीत आले आहे आणि लोक तो जपून ठेवतात.

व्हँकुव्हरच्या यादीचे दोन नमुने शेजारी ठेवून पाहू. २०१४ साली सहाव्या क्रमांकावर संघाने जेक व्हर्टानेन याला घेतले. तो जवळच्याच ॲबट्सफर्ड गावचा, अंगाने भक्कम, वेगवान. घरचा मुलगा म्हणून सर्वांना आनंद झाला. दोन-तीन जागा खाली विल्यम निलँडर आणि निकोलाय एहलर्स होते, पंचविसाव्या जागेवर डेव्हिड पास्टर्नाक. हे तिघेही आघाडीचे नामांकित खेळाडू झाले. व्हर्टानेन लीगमध्ये तीनशेहून अधिक सामने खेळला, पण ज्या आशेने त्याला वर बसविले होते ती पुरी झाली नाही. २०१६ मध्ये पाचव्या क्रमांकावर फिनलंडचा बचावपटू ऑली युओलेव्ही आला. त्याचाच कुमार संघातील सोबती मॅथ्यू काचक सहाव्या क्रमांकावर कॅलगरीकडे गेला व पुढे फ्लोरिडाबरोबर दोनदा चषक जिंकता झाला. युओलेव्हीच्या वाट्यास पाठीची शस्त्रक्रिया आणि गुडघ्याचे दुखणे आले. लीगमध्ये त्याचे पन्नासही सामने झाले नाहीत. अशा वेळी निवड चुकली असे म्हणण्याची घाई होते. गुडघ्याच्या अस्थिबंधाचे भविष्य कोणत्या पारख्याच्या वहीत असते?

दुसरा नमुना २०१७ चा. पाचव्या क्रमांकावर एलियास पेटरसन हा काडीसारखा स्वीडिश मुलगा. तो स्वीडनच्या दुय्यम लीगमध्ये खेळत होता, म्हणून त्याच्या गुणांना किती किंमत द्यावी याबद्दल शंका होत्या. पुढच्याच हंगामात प्रौढांच्या मुख्य लीगमध्ये त्याने ४४ सामन्यांत ५६ गुण मिळवून त्या वयातील जुना उच्चांक मोडला, आणि २०१९ मध्ये कॅल्डर करंडकही घेतला. पहिल्या वर्षाच्या यादीत आणि दुसऱ्या वर्षाच्या यादीत एवढे अंतर पडले ते मुलगा बदलला म्हणून नव्हे. तोच मुलगा कठीण जागी उभा राहिलेला लोकांनी पाहिला म्हणून.

येथे जन्मतारखेची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पालक म्हणून वाचकांना ती अधिक जवळची वाटेल. कॅनडातील बालगट १ जानेवारीच्या हिशेबाने पडतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात. आठ-नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे केवढे अंतर! थोराड मुलगा निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगला शिक्षक, अधिक सराव, अधिक सामने. आणि म्हणून तो खरोखरच सरस होतो. १९८५ साली रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह हे प्रथम दाखवून दिले की वरच्या दर्जाच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी असते. पुढे १९८० ते २००७ या काळातील कॅनडियन निवडींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांना त्यांच्या नंतरच्या कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक जागा उशिरा निवडले गेले होते, आणि चारशे सामने किंवा दोनशे गुण असा पल्ला गाठण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीतल्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. ज्यांची नोकरी डोळे उघडे ठेवण्याची, तेच पिढ्यानुपिढ्या पंचांगाने फसत आले होते.

त्यात निवडीची १५ सप्टेंबरची तारीख आणखी एक गंमत करते. सप्टेंबराच्या अखेरीपासून डिसेंबरापर्यंत जन्मलेली मुले आपल्या बालगटात धाकटी असतात, पण निवडीच्या वर्गात थोरली ठरतात. कारण अठरा पुरी होण्यास थोडक्यात चुकल्यामुळे त्यांना वर्षभर थांबावे लागते. सेदीन बंधू २६ सप्टेंबरचे, पेटरसन नोव्हेंबरचा. म्हणून यादी वाचताना नावाशेजारी जन्माचा महिना पाहिल्यावाचून गुणांकडे पाहू नये. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सोयीसाठी १ जून ही तारीख टाकून देत, त्यामुळे एका पिढीतील निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येई. तेथे एवढी सवलत नाही.

गोलरक्षकांबद्दल थोडक्यात. ते उशिरा पिकतात आणि त्यांच्याबाबत पारखी सर्वांत अधिक चुकतात, म्हणून पुष्कळ लेखक त्यांची यादीच वेगळी करतात. लॅटव्हियाचा आर्तुर्स सिलोव्ह्स २०१९ साली सहाव्या फेरीत, १५६ व्या क्रमांकावर व्हँकुव्हरने घेतला, तेव्हा कोणी मान वळवून पाहिले नाही. २०२३ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याच्या जोरावर लॅटव्हियाला इतिहासातील पहिले पदक मिळाले. त्या आनंदात तेथील संसदेने रात्री बैठक घेऊन दुसऱ्या दिवशी सुटी जाहीर केली! स्पर्धेतील सर्वांत मोलाचा खेळाडू तोच ठरला. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आतापर्यंत आपण यादी वरून पाहिली, करणाऱ्याच्या बाजूने. ती खालून कशी दिसते? कॅनडाच्या कुमार लीगमध्ये मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून शेकडो मैलांवरच्या गावी जातो. तेथे एखादे अनोळखी कुटुंब त्याला आपल्या घरी ठेवून घेते; त्याच्या जेवणाखाण्याचे, शाळेचे, आजारपणाचे तेच पाहते. अशा यजमान कुटुंबांची मोठी परंपरा त्या देशात आहे आणि एकदा राहून गेलेला मुलगा पुढे लग्नास त्यांना बोलावितो, अशी ती नाती असतात. पश्चिमेकडील लीगमध्ये बसचे प्रवास रात्र-रात्र चालतात. मुले बसमध्येच अभ्यास करतात. लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च देण्याची तेथे योजना आहे आणि ज्यांना पुढे व्यावसायिक खेळ साधत नाही त्यांना तिचा खरा आधार होतो. परंतु एक अडचण दीर्घकाळ होती. कुमार लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांचे दार बंद होई. म्हणजे दोन रस्त्यांपैकी कोणता, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी ठरवावयाचे, आणि ते परत फिरविता येत नसे. हा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलण्याचे ठरले व ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडले. किती घरांतल्या रात्रीच्या चर्चा त्यामुळे सोप्या झाल्या असतील याची कल्पना आपल्याकडील दहावीच्या मुलांच्या पालकांना सहज येईल.

अशा घरात, सतरा वर्षांचा मुलगा अमुक यादीत नवव्या जागेवरून चौदाव्या जागेवर घसरला, ही बातमी वडील कामावर असतात तेव्हाच सहकाऱ्याच्या तोंडून कळते. मुलगा स्वतः तर ती त्यांच्या आधी वाचून बसलेला असतो. यादी करणाऱ्यांपैकी जे चांगले आहेत ते मुलाच्या खेळाबद्दल लिहितात, मुलाबद्दल नाही; त्याचे वळणे संथ आहे असे म्हणतात, तो आळशी आहे असे म्हणत नाहीत. हा भेद लहान वाटला तरी प्रस्तुत लेखकाच्या मते चांगली यादी आणि वाईट यादी यांतील खरी सीमारेषा तीच आहे.

व्हँकुव्हरची निवड करण्यास आणखीही एक कारण होते. त्या परिसरात पंजाबी बांधवांची वस्ती शंभराहून अधिक वर्षांची आहे. ॲबट्सफर्ड येथील १९११ साली बांधलेला गुरुद्वारा कॅनडाने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपला आहे. २००८ पासून तेथे हॉकीचे समालोचन पंजाबीतही होते. तथापि या मुलांचे बर्फावरील पाऊल पारख्यांच्या याद्यांतून फारसे आलेले नाही. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा १९८९ साली लीगमध्ये उतरला; निवडीत त्याचे नाव कधी पुकारले गेले नव्हते. त्याच्यानंतरचा मॅनी मल्होत्रा मात्र १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर न्यूयॉर्कने घेतला. हा मुलगा गोलांचा पाऊस पाडील अशी अपेक्षा होती. तो पाऊस काही आला नाही. पण विरोधकांना थोपविणे आणि खेळाच्या आरंभी पंच पक टाकतात तेव्हा तो जिंकून देणे, या दोन कामांत तो इतका वाकबगार झाला की तब्बल ९९१ सामने खेळला. २०११ च्या मार्चमध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना पक लागून त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली, तरी त्या वर्षीच्या अंतिम फेरीत तो परत बर्फावर होता. सातव्या क्रमांकाच्या मानाने त्याचे गुण थोडे आणि सामने अधिक. त्याची निवड बरोबर ठरली की चूक, हे दोन जाणकारांस विचारावे. तीन उत्तरे मिळतील.

अर्शदीप बैन्स हा सरी गावचा तरुण तर निवडीच्या एकाही वर्षी कोणास नको होता. पाय जड, वय पुढे गेलेले, असा शेरा. २०२१-२२ च्या हंगामात त्याने रेड डीअर संघाकडून ६८ सामन्यांत ११२ गुण मिळवून साऱ्या पश्चिम कुमार लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला आणि व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान मुलांत मिळविलेले हे गुण, म्हणून याद्यांनी त्याला पुन्हा खालीच ठेवले. हिशेबाने ते योग्यही होते. त्याला तालीमसंघाकडे, ॲबट्सफर्डला पाठविण्यात आले. तेथे दोन वर्षे तो वरच्यांशी झुंजायला शिकला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य लीगमधील पहिला सामना खेळला.

२०२४ साली त्याच ॲबट्सफर्ड संघाच्या प्रशिक्षकपदी मॅनी मल्होत्रा आला. जून २०२५ मध्ये त्याच्या संघाने शार्लटचा पाडाव करून दुय्यम लीगचा कॅल्डर चषक जिंकला. बैन्स त्या संघात होता. गोलाच्या तोंडाशी सहाव्या फेरीचा सिलोव्ह्स उभा होता आणि त्या टप्प्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पारितोषिकही त्यालाच मिळाले. पुढच्याच महिन्यात व्हँकुव्हरने त्याला पिट्सबर्गकडे पाठविले, कारण मुख्य संघात दोन गोलरक्षक आधीच पक्के होते. उन्हाळ्याच्या अखेरीस व्हँकुव्हरच्या होतकरूंच्या नव्या याद्या निघाल्या, त्या वेळी त्याचे नाव तेथे असण्याचे कारणच उरले नव्हते; आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला तेव्हा चोवीस वर्षांचा सिलोव्ह्स पिट्सबर्गच्या मुख्य संघातून खेळू लागला होता.